मामांची तार

चिंचवडच्या कंपनीत टेस्टिंगला लागलो, तेव्हा डिप्लोम्याची शाई वाळली नव्हती आणि अक्कल मात्र ओसंडून वाहत होती. आम्ही कपॅसिटर बनवायचो. उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ फिल्मच्या गुंडाळ्या ओव्हनमध्ये तापवायच्या, भरपूर व्होल्टेज द्यायचं, मग निवू द्यायच्या. ही फिल्म भारी चिवट. चार्ज काढून टाकला तरी थोडा पोटात धरून ठेवते आणि तासाभराने हळूच वर आणते. म्हणून दोन्ही टोकं तांब्याच्या तारेने जोडून ठेवायची पद्धत होती. ते काम मामांचं. मामा म्हणजे आमचे जुने हेल्पर, भोसरीचे. फिल्मची थिअरी त्यांना ठाऊक नव्हती, पण तार बांधल्याशिवाय ते जेवायला उठत नसत.

एके दिवशी गिऱ्हाइकाचे लोक बघायला येणार होते. टेबलावरच्या त्या वेड्यावाकड्या तारा मला गबाळ्या वाटल्या. मामा जेवायला गेलेले. मी एकेका कपॅसिटरची तार सोडून टोकं पुन्हा जोडून पाहिली, ठिणगीसुद्धा उडाली नाही. मग सगळ्या तारा माझ्या खणात टाकल्या. पाहुणे खूश होऊन गेले आणि मी तारा साफ विसरलो. दुपारनंतर मामा नेहमीच्या भरवशावर, न बघताच, फडकं घेऊन कपॅसिटर पुसायला गेले आणि शॉक बसून ओरडत मागच्या रॅकवर आदळले. उजवं मनगट मोडलं.

"तार कशी नव्हती?" मॅनेजरनी मला विचारलं.

माझं कन्फर्मेशन आठवड्यावर आलं होतं. "मामा विसरले असतील," मी म्हणालो.

मामा प्लास्टर घालून परतले तेव्हा मेमो तयार होता, इंग्रजीत. तो त्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडेच आलं.

"काय लिवलंय, साहेब?"

"तार बांधायला विसरलात, असं."

ते प्लास्टरमधल्या हाताकडे बघत म्हणाले, "बांधली व्हती आसं वाटतंय. पर तुमी म्हणता म्हंजी इसरलो आसंन. वय झालं."

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डावा अंगठा उठवला. कागद हलू नये म्हणून तो मीच धरला होता.

मी कायम झालो. लाज तेव्हाही वाटत होती, पण तोंड उघडण्याइतकी नाही. त्याचीच आज जास्त लाज वाटते.

मामांचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा उडाला तो उडालाच. रिटायर होईपर्यंत तार बांधून झाली की ते मला हाक मारायचे, "साहेब, जरा बगा. तार हाय न्हवं?"

मी जाऊन बघायचो आणि म्हणायचो, "आहे, मामा."