आक्काला उतरलेलं चालत नसे

शाळेच्या ऑफिसातला फोन माझ्यासाठी कधी वाजत नसे. त्या दुपारी मी शिकवत असताना शिपाई वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं मला खुणेनं बोलावलं. फोन बेळगावच्या इस्पितळातून होता. आक्का गेली होती... जिथं तिनं नर्स म्हणून उमेदीची वर्षं काढली, त्याच वॉर्डात. निपाणी ते बेळगाव त्या बसप्रवासातलं मला एवढंच आठवतं, की मी लोकांचे कपडे बघत होतो. पुढच्या बाकावरच्या एका बाईच्या पदराला ठिगळ होतं. आक्का असती तर तिनं मान खिडकीकडं वळवली असती.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, आई घरी विड्या वळायची. अंगावर घालायचं ते वखारमालकाच्या घरून यायचं. मालकीणबाई माडीवरून जुन्या कपड्यांचं बोचकं खाली टाकायच्या, शिवाशिव नको म्हणून. आई पदर पसरून ते झेलायची. मी लहान, मला त्यात मौज वाटायची. आक्का मात्र भिंतीला टेकून उभी असायची. एकदा त्यातलाच एक निळा झगा घालून ती शाळेत गेली आणि मधल्या सुट्टीत मालकाच्या मुलीनं सगळ्यांदेखत सांगितलं, "ह्यो माझा झगा हाय. खोटं वाटत असंल तर बाही बघा, माझ्या शाईचा डाग हाय." आक्का घरी आली, झगा काढला आणि चुलीत घातला. आईनं मारलं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी आपलं जुनं विटकं परकर-पोलकं घालून शाळेला गेली.

पुढं आम्ही बौद्ध झालो, बोचकी बंद झाली. आक्का शिकली, सत्तर सालाच्या सुमाराला नर्स होऊन बेळगावात लागली. शहापुरात विणकरांच्या गल्लीत तिनं दोन खोल्या घेतल्या. घरातली प्रत्येक वस्तू कोरी होती. जुनं तिला चालत नसेच. पण आपलं जुनं दुसऱ्याला देणंही चालत नसे. सुती लुगडं जरा विरलं, की ती ते फाडून सकाळी अंघोळीच्या बंबात घालायची. आजूबाजूला दिवसभर मागांचा खटखटाट, नवं कापड विणलं जातंय, आणि आक्काच्या न्हाणीतून कापड जळल्याचा वास... शेजारची कमलाबाई माग चालवायची. तिनं एकदा दारात येऊन म्हटलं, "बाई, जाळण्यापरीस मला तरी द्या की. बांधावर भाजी काढायला जाताना नेसीन." आक्का तशीच उठली, दुकानात गेली आणि तिला नवं लुगडं आणून दिलं. कमलाबाईला ते घेताना आनंद झाला, की अपमान वाटला, मला कधी कळलं नाही.

वडील गेल्यावर आई आक्काकडं राहायला आली. दोघींचं यावरून रोज वाजायचं. आई म्हणायची, "जुनं म्हंजे वाईट न्हाय गं. दुसऱ्याचं पडलेलं म्हंजे वाईट." एकदा आक्का म्हणाली, "आई, मला दोन्हीचा वास एकच येतोय."

हल्ली आमच्या शाळेत पाहुणे येतात, मुलांना सांगतात, वस्तू जपून वापरा, जुनं टाकू नका, निसर्गाची उधळपट्टी थांबवा. खरंच आहे ते. पण ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं माडीवरून येणारं बोचकं येतं. काटकसर निवडलेली असली तर माणूस ती मिरवतो. अंगावर टाकलेली असली, तर हातात पैसा येताच पहिल्यांदा तीच जाळतो.

आई थंडीच्या दिवसांत गेली. तिचं अंथरूण आवरताना गादीखाली हातानं शिवलेली एक वाकळ, गोधडी सापडली. आम्ही ती उलगडली आणि आक्का खालीच बसली. सगळे तुकडे तिच्याच लुगड्यांचे होते. पहिल्या पगारातलं जांभळं, इस्पितळात रुजू होताना नेसलेलं पांढरं... काही तुकड्यांच्या कडा तपकिरी, करपलेल्या. आक्का ड्यूटीवर गेली, की आई बंबातून कापड ओढून काढत असणार. मला एकदम तिची भाजलेली बोटं आठवली. "चुलीचा चटका," असं ती सांगायची.

"ही कुणाची उतरलेली न्हाय रं सदा," आक्का म्हणाली. "माझीच हाय." त्या दिवसानंतर बंबात कापड गेलं नाही. आक्का मरेपर्यंत ती वाकळ पांघरत होती, आणि तीच अंगावर घालून आम्ही तिला शेवटचं नेलं.

इस्पितळात मी अखेरचा भेटलो, तेव्हा तिला धाप लागली होती. मध्येच म्हणाली, "ट्रंकेतल्या लुगड्यांचं काय करशील?" मी म्हटलं, "तू सांग." ती दम घेत म्हणाली, "कुणाला द्यायचं झालं तर वरनं टाकू नको. पलंगावर मांड. ज्याला पायजे त्यानं निवडू दे. आन् न्हाय घेतलं कुणी, तर राग मानू नको."

आक्काचा पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी शहापुरातल्या तिच्या खोलीत लुगडी पलंगावर मांडली. गल्लीतल्या बायका आल्या, काठांवरून हात फिरवून गेल्या. मेलेल्या माणसाचं अंगाला लावायला कुणी धजेना. कमलाबाई सगळ्यात जास्त वेळ बसली आणि तीही रिकाम्या हातानं उठली. शेवटी माझ्या बायकोनं हिरव्या काठाचं एक उचललं. "मला आवडलंय," एवढंच म्हणाली.

आता निपाणीच्या घरी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात येतो, तेव्हा कधी कधी बायको तेच नेसून स्टोव्हपुढं पाठमोरी बसलेली असते. पाण्याला आधण आलेलं असतं, खांद्यावरून तो हिरवा काठ उतरलेला असतो. चहा मागायचा असतो, पण मी हाक मारत नाही. तशीच हाक मारली, तर तोंडून "आक्का" निघेल... आणि ती वळून बघेल, अशी मला भीती वाटते.