अर्धायुष्याची चूक

वाळवंटात अणुचाचण्या झाल्या तेव्हा आमच्या कॉलेजात पेपर तपासायचं काम चालू होतं. कुणीतरी पेढे आणले. मी भौतिकशास्त्र शिकवायचे, म्हणून पहिला पेढा कौतुकाने माझ्या हातावर ठेवला गेला, आणि मी तो खाल्ला. शेजारी बसलेली माझी मैत्रीण इतिहासाची. ती म्हणाली, "मला नको. यात आनंद मानण्यासारखं मला काही दिसत नाही." पेढ्यांचा डबा घाईने पुढे सरकवला गेला. ती मुसलमान, तिच्या वडिलांचं पुण्यात बाइंडिंगचं जुनं दुकान. हे वाक्य तिला किती महाग पडू शकतं, ते मला कळत होतं. तरी आधी वाटला तो हेवाच. मलाही तेच म्हणायचं होतं.

थोड्याच दिवसांत कोथरूडला एका डॉक्टरांच्या घरी रविवारी काही प्राध्यापक आणि लेखक जमू लागले. अणुबाँबविरुद्ध सोसायट्यांतून, शाळांतून बोलायचं ठरलं. बोलावणं मला आलं होतं. तिला मी घेऊन गेले. पण महिन्याभरात लोक मला विचारू लागले, "मॅडम, तुमच्या मैत्रिणीला कोणता दिवस जमेल?"

मी बोलायला उभी राहिले की साखळी अभिक्रियेपाशीच लोक घड्याळं बघायचे. ती नुसतं विचारायची, "बाँब स्वारगेटवर पडला, तर तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी तिथून किती लांब आहे?" आणि सगळे मनात अंतर मोजू लागायचे. विज्ञान माझं, टाळ्या तिच्या. घरी येऊन मी भांडी आपटायचे. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "शांततेचं काम जोरात दिसतंय."

भाषणाआधी ती कागद माझ्याकडे द्यायची. "आकडे तेवढे बघ गं, त्यात मी ढ आहे." वारज्याच्या भाषणात तिने लिहिलं होतं की प्लुटोनियमचं विष चोवीस हजार वर्षांत संपतं. ते संपत नाही, निम्मं होतं. मी पेन्सिल हातात घेतली, वाक्य दोनदा वाचलं आणि कागद परत देत म्हटलं, "ठीक आहे सगळं."

वारज्याला सोसायटीच्या हॉलमध्ये ती ते वाक्य बोलली आणि पुढच्या रांगेतले एक निवृत्त इंजिनिअर उठले. "बाई, ते अर्धायुष्य आहे. आपण आधी शिकून घ्या, मग आम्हाला शिकवा." लोक हसले. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "हे सगळं पाकिस्तानात जाऊन सांगा!" हशा आणखी वाढला.

तिने कागद टेबलावर ठेवला. "आकड्यात माझी चूक झाली. दुरुस्त करते," एवढंच म्हणाली. कागद मी तपासला होता, हे तिने सांगितलं नाही.

मी उठले.  "मी भौतिकशास्त्र शिकवते. हा कागद मी तपासलाय. चूक माझी आहे. आणि कुणाला कुठे पाठवायचंच असेल, तर आधी मला पाठवा."

टाळ्या वाजल्या. इंजिनिअरांनीही वाजवल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या माझ्यासाठी होत्या, आणि मला तिथे उभं राहवेना.

परतताना मी तिच्या स्कूटरवर मागे बसले होते. न राहवून म्हटलं, "मला चूक दिसली होती. मुद्दाम ठेवली."

तिने स्कूटर कडेला घेतली. "का?"

"लोक तुझं ऐकतात म्हणून."

तिने इंजिन बंद केलं. "मागचा तो काय म्हणाला, ऐकलंस ना? प्रत्येक सभेत एकजण तरी म्हणतोच. घरी मी सांगत नाही. सांगितलं तर मला बाहेर पडू देणार नाहीत. त्याचाही हेवा वाटतो का तुला?"

उत्तराची वाट न बघता तिने स्कूटर सुरू केली. तिने मला नेहमीसारखं दारापर्यंत सोडलं.

आमची मैत्री तुटली नाही, सभाही थांबल्या नाहीत. पण त्यानंतर ती आकडे तपासायला दुसऱ्या कॉलेजातल्या एका तरुण प्राध्यापिकेकडे देऊ लागली. एका रविवारी डॉक्टरांच्या घरी दोघी एका कागदावर वाकून हसत होत्या. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला, आणि आता मला त्या मुलीचा तसाच हेवा वाटला.