हलकी सासू

आमच्या नाट्यमंडळात सासूचं काम माझी बायको करते. स्वतः स्टेजवर येऊन नव्हे, काठीवरच्या बाहुलीतून. पडद्यामागे उभं राहायचं, एका हाताने बाहुली डोक्यावर उचलून धरायची, दुसऱ्या हाताने तिच्या हातांच्या तारा हलवायच्या आणि वर अहिराणीत सुनेला झापायचं. हे शेवटचं तिला तालमीशिवाय जमतं.

गेल्या वर्षी ती स्कूटीवरून पडली आणि उजव्या खांद्यात स्टीलची पट्टी बसली. हाताने वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मंडळाच्या अध्यक्षांना फार वाईट वाटलं. भेटायला येताना केळी आणली आणि जाताना सांगून गेले, "कळसाडी गावच्या खेळात वहिनींचा हात टिकला तर ठीक. नाहीतर पुढे आवाज पेनड्राइव्हवर लावू, बाहुली आमची सूनबाई धरेल. काळजी करू नका."

बायको केळ्यांकडे बघत बसली. "हाई काम गयं ते मन्हं काय ऱ्हास?" एवढंच म्हणाली. मी जुनी लाकडी सासू माळ्यावर टाकली आणि नवी करायला घेतली, हलकी.

डोक्यासाठी वाळलेला भोपळा घेतला. आतून पोकळ, बाहेरून टणक आणि रंग दिला की रुबाबदार. मंडळाच्या बैठकांना इतकी वर्षं बसलो, त्याचा हा एवढा एक फायदा झाला. खांद्यांना प्लास्टिकचा हँगर, मधली काठी बारीक बांबूची, हातांना सायकलच्या चाकातल्या तारा. धड नाहीच, नुसती साडी. तीही मलमलच्या जुन्या ओढणीची. अध्यक्ष म्हणाले, डोळे मिचकावणारे हवेत, बॅटरी बसवा. कापड दुकानाच्या शेठजींनी जरीची साडी पुढे केली, "स्टेजवर दुकानाचा माल उठून दिसला पाहिजे ना, भाऊसाहेब." बॅटरी मी सोयीस्करपणे विसरलो आणि जरीचा फक्त काठ लावला.

बायकोने सासू वर धरली ती खाली घेतलीच नाही, तशीच स्वयंपाकघरात फिरून आली. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी अध्यक्षांनासुद्धा चहा पाजला असता.

खेळाच्या सकाळी गल्लीतल्या बायका निरोप द्यायला जमल्या. सासूच्या कपाळावर मी हौसेने ठसठशीत कुंकू रंगवलं होतं. ते पाहून शेजारच्या काकू दारातच थबकल्या.

"सवाशीन शे ना ती? मंग बिगर वटीनी घरमाईन जास का कोनी?"

नारळ आला, गहू आले, ब्लाऊजपीस आलं. सगळं सासूच्या पदरात बांधून कमरेला पक्की गाठ मारली गेली. "काकू, बाहुली शे ती," मी म्हटलं. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाहुलीला अक्कल आहे आणि मला नाही. भरलेली ओटी घरी परतेपर्यंत सोडायची नाही, हेही बजावलं. मी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं. तिने सासूला वाकवून सगळ्यांना नमस्कार घडवला. माझी सगळी हलकेपणाची कारागिरी एका नारळाने पाण्यात घातली.

कळसाडीचं पटांगण भरलं होतं. दुसऱ्या प्रवेशात बायकोचं कोपर थरथरायला लागलं. बाजूला अध्यक्षांची सूनबाई मोबाईल बघत तयारीत उभी होती. मी बाहुली घ्यायला हात पुढे केला, तर बायकोने मानेनेच नको म्हटलं. सासू हळूहळू खाली आली आणि पडद्याच्या बांबूवर टेकली. बोलणं थांबलं. संपलं, असं वाटलं.

तेवढ्यात समोरून एक बाई ओरडली, "बठ माय बठ, थकी गई तू!"

"थकसू नही ते काय? गल्लीन्या बायास्नी वटी भरी दिधी, आन खांदा मन्हा दुखी ऱ्हायना!" सासू ठसक्यात म्हणाली.

बायका हसून लोटपोट झाल्या. उरलेला प्रवेश सासूने बसूनच केला आणि बसल्या जागेवरून सुनेला दुप्पट झापलं. खेळ संपल्यावर अध्यक्ष भेटेल त्याला सांगत होते की सासूला बसवायची कल्पना मूळ त्यांचीच. पुढच्या खेळालाही वहिनीच, हेही त्यांनी उदारपणे जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हात कानापर्यंतही जाईना. वेणी मी घातली, वाकडीतिकडी. घालता घालता म्हटलं, "आते पुरं कर. डॉक्टर काय बोलना ते ध्यानमा शे ना?"

तिने आरशात वेणी पाहिली. पदर सारखा केला, डाव्या हाताने.

"दुसरी बनाडा," ती म्हणाली. "आखो हलकी."