जादूगाराची अर्धी दाढी

‘‘छापलेलं राहू दे गं. आधी हातानं लिहिलेली चार पानं वाच. दाढी तिथं जळते.’’

शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दुसरीला इंग्रजीत सांगत होती. कँटोन्मेंटमधल्या त्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्ररीत, मुलांच्या पुस्तकांच्या खालच्या फळीपाशी दोघी गुडघे टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्या मागे, प्रवासवर्णनांच्या कपाटाकडे तोंड करून उभी होते. निळ्या कापडाच्या पाठीचं ते पुस्तक मी तिरक्या नजरेनंही ओळखलं. ते माझ्या अण्णांनी बांधलं होतं, आणि ती चार पानं माझी होती. ‘‘कोणी लिहिलीत?’’ दुसरीनं विचारलं. ‘‘कोणाला माहीत! असेल एखादा म्हातारा जादूगार,’’ पहिली म्हणाली, आणि दोघी हसल्या. वळून दोन शब्द बोलायला काय हरकत होती... मी हाताला लागलं ते पुस्तक उचललं, काउंटरवर माझा नंबर सांगितला आणि बाहेर पडले.

बसमध्ये मात्र पक्कं ठरवलं. रविवारी बळेपेटेत अण्णांकडे जायचं, त्यांना हे सांगायचं, आणि त्याच्या जोडीनं आणखी एक गोष्ट सांगायची, जी सांगायची दहा वर्षं राहून गेली होती. राजाजीनगरला उतरून घराशी आले, तर फाटकाजवळ नरसिंहय्या सायकल धरून उभे होते. अण्णांच्या दुकानाशेजारच्या छापखान्यात ते कंपोझिटर. मला पाहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, ‘‘अम्मा, अण्णा होगबिट्रु.’’ अण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. तो शुक्रवार होता.

अण्णा म्हणजे राघोजीराव, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पेठेत त्यांना सगळे अण्णाच म्हणत. त्यांचं बुकबाइंडिंगचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, पुस्तकं दाबून धरायचा एक लाकडी शिकंजा, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे आणि कोपऱ्यात खळीचं पातेलं. खळीला कीड लागू नये म्हणून ते तिच्यात मोरचूद घालत, तेव्हा बोट लावून चाटायचं नाही, ही तिथली पहिली ताकीद. मराठी ते वाचत, मोडीही वाचत, कन्नड तर बाजाराची भाषाच होती. इंग्रजीतले मात्र नुसते आकडे येत. इंग्रजी पुस्तकं बांधायला तेवढे आकडे पुरत असत. पुरत नव्हते ते फक्त लायब्ररीच्या मुलांच्या पुस्तकांना.

लायब्ररीचा गठ्ठा दर दोन-तीन महिन्यांनी यायचा. त्यात मुलांची पुस्तकं सर्वांत फाटकी, आणि त्यांतही जादूगारांची. वाचणाऱ्यांनी पानांचे कोपरे दुमडून, ओले करून, चघळून टाकलेले असत आणि कोपऱ्यांबरोबर आकडेही गेलेले. सुट्या पानांचा ढीग पुढ्यात घेऊन अण्णा हताश बसत. एका उन्हाळ्यात, मी बारा वर्षांची असताना, ते माझ्या वडिलांना म्हणाले, ‘‘कॉन्व्हेंटात घातलायस ना हिला? मग बसव की हितं. पानं लावून देऊ दे.’’

कॉन्व्हेंटमध्ये मी कधी हात वर केला नव्हता. उत्तर येत असलं तरी करत नसे. शिक्षिकेनं माझं नाव उच्चारलं की कान तापायचे आणि सगळ्या बाकांनी माना वळवल्यासारखं वाटायचं. सुटी पानं मला काही विचारत नव्हती. वाक्य जिथं तुटलं असेल तिथून पुढचं शोधायचं, जुळलं की पालथं घालायचं. जादूगारांच्या कादंबऱ्या मी अशाच वाचल्या. एखादा जादूगार ढग होऊन पर्वतापलीकडे निघून जायचा आणि त्याला ढग व्हायला कोणी शिकवलं ते पान तासाभरानं सापडायचं. पुढे कितीतरी पुस्तकं धड क्रमानं वाचली, पण ती गंमत पुन्हा आली नाही.

‘‘काय चाललंय त्यांचं?’’ अण्णा मान वर न करता विचारायचे. मी सांगायची. आमच्या घरच्या मराठीत, मध्ये कन्नड शब्द घालून, शिवणीचा दोरा सर्रकन ओढला जायचा त्या तालावर. इतकं सलग मी तोवर कोणाशी बोलले नव्हते. अण्णांना राक्षस, तलवारी, उडते गालिचे यांचं फारसं काही नव्हतं. ते जादूगाराकडे कारागीर म्हणून बघत. त्या निळ्या पुस्तकात नदीकाठच्या पाणचक्कीत राहणारा एक म्हातारा जादूगार होता. तो दोरीला गाठी मारून त्यांत वारे बांधून ठेवायचा. त्याच्याकडे एक शिकाऊ मुलगी होती. तिला सगळे मंत्र पाठ होते, पण तिनं एकही कधी मोठ्यानं म्हटला नव्हता.

‘‘तीन वर्षं झाली म्हणतेस?’’ अण्णा म्हणाले. ‘‘आणि नुसती झाडलोट करून घेतोय? हे कसले गुरू! मी तुला तिसऱ्या दिवशी दाभण दिलं हातात.’’

‘‘ती घाबरते, अण्णा.’’

‘‘घाबरू दे की. दोरी तिच्या हातात दे म्हणावं, आणि आपण स्वल्प बाजूला बस.’’

त्याच पुस्तकातली दोन पानं, म्हणजे चार पृष्ठं, हरवली होती. गुरू-शिष्या पुलावर पोहोचतात, वाटेत दगडी पहारेकरी मशाल घेऊन उभा, जादूगाराचा घसा बसलेला. मुलगी तोंड उघडते... आणि पान संपतं. पुढचं पान सुरू होतं ते नदीच्या पलीकडे, पहाटे. जादूगाराची अर्धी दाढी जळालेली असते आणि पुस्तकात पहिल्यांदाच तो हसत असतो.

अण्णांनी मापाचे दोन कोरे कागद कापले आणि हरवलेल्या पानांच्या जागी शिवायला घेतले. ‘‘कोरे कशाला?’’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘‘पान गेलं तर गेलं म्हणून दाखवायचं. लपवून शिवलं की वाचणाऱ्याला वाटतं, कळलं नाही ही चूक आपलीच.’’ ही त्यांची रीत होती. इतर बाइंडर असा कागद वाया घालवत नसत.

पण पुढचे चार दिवस त्यांनी मला सुखानं बसू दिलं नाही. खळ ढवळताना, पुठ्ठा कापताना, पान खाताना एकच प्रश्न: ‘‘ते सगळं खरं. पण दाढी कशी जळाली?’’ पाचव्या दिवशी मी दौत-टाक घेतला आणि कोऱ्या पानांवर लिहून टाकलं. मुलगी मंत्र म्हणते. पण आवाज किती लावायचा ते तिला माहीतच नसतं, इतकी वर्षं साठलेला सगळा एकदम बाहेर पडतो, दोरीच्या सातही गाठी एका झटक्यात सुटतात, पहारेकरी उडून नदीत पडतो आणि मशाल जादूगाराच्या हनुवटीला चाटून जाते. मी ते अण्णांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी दाभण खाली ठेवलं आणि खोकला येईपर्यंत हसले. ‘‘बरोबर. असंच झालं असणार,’’ म्हणाले. मग, ‘‘नाव घाल की खाली.’’

‘‘नको.’’

‘‘सरी, बरं. शेवटची ओळ मोकळी राहू दे मग.’’

गठ्ठा पोहोचवायला मी त्यांच्याबरोबर जटक्यानं, म्हणजे घोड्याच्या टांग्यानं, दंडूत गेले. कँटोन्मेंटला आमच्या पेठेत दंडूच म्हणत. लायब्ररीच्या बाई उंच होत्या, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी एकेक पुस्तक उघडून शिवण तपासली, निळं पुस्तक उघडलं आणि थांबल्या. ‘‘हे काय? माझ्या पुस्तकात कोणी खरडलं?’’ मी काउंटरच्या कडेकडे बघत होते. लाकडाला तिथं एक चीर होती, ती अजून आहे. अण्णांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, वाट पाहिल्यासारखं. मग ते ताठ उभे राहिले. ‘‘मी, मॅडम. आय रायटिंग.’’

‘‘तुम्ही?’’ बाई हसल्याच. अण्णा पावतीवर मराठीत सही करत, हे त्या वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या.

‘‘येस मॅडम. बाइंडर ऑल वर्क डूइंग.’’

यापुढे पुस्तकं दुसरीकडे देईन, असं सांगून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं. परतताना अण्णांनी कागदाच्या पुडीत भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि पुडी माझ्या मांडीवर ठेवली. मी विचारलं, ‘‘तुम्ही का म्हणालात असं?’’ शेंग फोडत ते म्हणाले, ‘‘मी शिवलंय ना ते? शिवलं ते माझं. लिहिलं ते तुझं... ते तू सांगशील तेव्हा.’’

वर्ष-दीड वर्ष लायब्ररीचा गठ्ठा आला नाही. अण्णांनी पोथ्या बांधल्या, शाळांची हजेरीपत्रकं बांधली. दुकानात जादूगार नव्हते, आणि मीही कमी जाऊ लागले. मग एक दिवस गठ्ठा आला, वर इंग्रजीत एक चिठ्ठी. अण्णांनी ती माझ्यापुढे धरली. ‘‘वाच बघू, काय म्हणतात बाई?’’

बाईंनी लिहिलं होतं, निळं पुस्तक मुलं मागून मागून नेतात. या गठ्ठ्यातल्या एका पुस्तकाचीही पानं गेली आहेत, ती त्याच हातानं भरून द्यावीत. आणि ज्यानं कोणी लिहिली त्याला एकदा घेऊन यावं, मला भेटायचं आहे.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. त्या काउंटरपुढे उभं राहायचं, ती साखळी, तो चष्मा, इंग्रजीत विचारलेले प्रश्न... मी म्हणाले, ‘‘शिवण घट्ट घाला, असं लिहिलंय.’’

‘‘एवढंच? मोठी दिसते चिठ्ठी.’’

‘‘एवढंच.’’

त्यांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकात कोरी पानं शिवून त्यांनी ते माझ्यापुढे सरकवलं आणि दौत जवळ आणून ठेवली. मी लिहिलं. पुढच्या वर्षांत आणखी चार पुस्तकांत लिहिलं. एकदा ज्या कारणानं हाकलले गेलो, तेच हा माणूस मला पुन्हा निश्चिंतपणे का करू देतो, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. मी कॉलेजात गेले, मग के. आर. पुरमकडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट झाले. तिथं दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं टाइप करते. अण्णा भेटले की विचारायचे, ‘‘त्या पोरीचं काय झालं गं पुढं? गुरूची पाणचक्की मिळाली का तिला?’’ आणि मी दर वेळी नवं काहीतरी सांगायची. त्यांच्या कौतुकाची मानकरी मी, आणि त्यांना मिळालेली शाबासकी माझ्याच पोटात राहिलेली.

तेराव्यानंतर अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीनं, मला दुकानात नेलं. दाभण, कागद घडी करायची हाडाची पट्टी आणि त्यांची रोजच्या वाचनातली पोथी माझ्या हातात दिली. पोथीचा पुठ्ठा मी सवयीनं उघडला. आतल्या अस्तरावर ती चिठ्ठी चिकटवलेली होती. चारी कडा सारख्या, एक सुरकुती नाही.

‘‘अक्का, ही...’’

‘‘ती होय? त्या नरसिंहय्याकडनं वाचून घेतली की त्यांनी. आली त्याच दिवशी.’’

‘‘मग मला काही बोलले नाहीत?’’

‘‘मी म्हटलं तसं. म्हटलं, पोरगी खोटं सांगितली बघा. तर म्हणाले, तू बोलू नको तिला. तिची गाठ तिला सोडू दे.’’ अक्कांनी पदरानं शिकंज्यावरची धूळ पुसली. ‘‘हसत होते आपले दिवसभर.’’

मी तिथंच, पुठ्ठ्यांना टेकून बराच वेळ बसले. रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त काळ मला त्यांचं ते हसू ऐकू येत राहिलं.

गेल्या शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी लायब्ररीत गेले. निळं पुस्तक फळीवर होतं. पाठीचं कापड कडांना विरलंय, पानं बोटांनी काळवंडलीत, पण शिवण एका टाक्यानंही ढळलेली नाही, आणि नाकाजवळ नेलं तर खळीचा मंद वास अजून येतो. मी ते काउंटरवर ठेवलं. बाई थकल्यात आता, साखळी तीच आहे. ‘‘नंबर?’’ त्यांनी वर न बघता विचारलं. मी नंबर सांगितला नाही. पोथी उघडून चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी चष्मा लावला. ‘‘हे तर माझं अक्षर... बाइंडरकडची का? ते गेले म्हणे. फार चांगला माणूस. दर खेपेला मी विचारायची, लिहिणाऱ्याला कधी आणणार? दर खेपेला म्हणायचे, कमिंग, मॅडम, कमिंग. स्वल्प टाइम.’’

काउंटरची ती चीर माझ्या बोटाखाली होती. मागे फळीपाशी कोणी मुलं कुजबुजत होती. मी निळं पुस्तक दाढीच्या पानावर उघडलं, जिथं शेवटची ओळ अजून मोकळी आहे, आणि त्या मुलांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, ‘‘ही पानं मी लिहिली, मॅडम. आणि शिवली माझ्या अण्णांनी.’’