पॅथॉलॉजीवाल्या मामांचा चहा

जगातला कुठलाही बिघाड चार प्रश्न विचारले की मुकाट्याने शरण येतो, अशी माझ्या बायकोच्या मामांची ठाम श्रद्धा आहे. मामा पॅथॉलॉजिस्ट. नंदनवन नावाच्या वस्तीत खाली त्यांची लॅब आणि वर घर, आणि या दोहोंत त्यांनी आजवर फारसा फरक केलेला नाही. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कूलरने मान टाकली, तर मामा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. कारण काय? पाण्यातला क्षार. तो शिरला कसा? बोअरमधून. आत काय बिघडवलं? पंपाची जाळी बुजवली. बाहेर काय दिसतं? जावई घामाघूम. अख्खं पॅथॉलॉजी या चार प्रश्नांत आलं, बाकी नुसता पसारा, असं सांगून ते निघून गेले. कूलर मेकॅनिकनेच सुरू केला, पण निदान मामांचंच बरोबर निघालं.

या शास्त्राच्या शाखांबद्दल तर त्यांना चुकूनही विचारू नये. एका पंगतीत शेजारच्या काकूंनी, तुम्ही रक्तच तपासता ना, असं सहज म्हटलं आणि मसालेभाताचा गार गोळा होईपर्यंत त्यांची सुटका झाली नाही. रक्ताची शाखा वेगळी. सुट्या पेशी बघायच्या ती वेगळी, मांसाचा तुकडा मेणात बसवून त्याचे काप बघायचे ती वेगळी, जंतू वाढवून ओळखायचे ती वेगळी, साखर आणि क्षार मोजायचे ती आणखी वेगळी. मेलेल्याला मरणाचं कारण विचारायचं ती मामांच्या मते सगळ्यांत सुखाची, कारण पेशंट मध्ये बोलत नाही. त्यांचा स्वतःचा जीव तुकड्यांच्या शाखेत. घराणं खापा गावच्या विणकरांचं. हातमाग वडिलांबरोबर थांबला, पण मामा सूक्ष्मदर्शकाखाली अजून वीणच तपासतात. आमच्या लग्नात त्यांनी बायकोच्या शालूचा पदर आधी उलटा करून पाहिला, मगच आशीर्वाद दिला.

त्यांची रिपोर्ट द्यायची तऱ्हा मात्र अजबच. रिपोर्ट चांगला असला की तो ते तुसडेपणाने हातात कोंबतात आणि गर्दी करू नका म्हणून माणसाला हाकलतात. वाईट असला की त्यांचा आवाज मऊ होतो. ते पेशंटला खुर्ची देतात, पंखा वाढवतात, आणि आत जाऊन स्वतः आलं ठेचून चहा करतात. त्यामुळे अख्ख्या वस्तीने मामांच्या चहाची धास्ती घेतलेली आहे. लॅबच्या बाकावर लोक एकमेकांना दबक्या आवाजात विचारतात, चहा तर नाही ना सांगितला? मामांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात बायकोच्या स्तनात गाठ लागली. सर्जनने तुकडा काढून मामांकडेच पाठवला. ठरलेल्या दिवशी रिपोर्ट आला नाही. मामा फोनही उचलेनात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं, तेव्हा ते दारातच उभे होते.

"ये वं बाई, बस," मामा म्हणाले. "चहा ठेवून राहिलो."

बायको खुर्चीत बसली ती मटकन. मी भिंतीला टेकलो. आतून आलं ठेचल्याचा आवाज येऊ लागला आणि बायको अगदी शांतपणे मला सांगायला लागली, की मुलीची परीक्षा होईपर्यंत तिला काही कळू द्यायचं नाही. मी नुसता मान हलवत होतो.

मामा कप घेऊन बाहेर आले आणि तिचे भरलेले डोळे पाहून गडबडले.

"काहून रडून राहिली? साधी गाठ आहे ते. कॅन्सर नाही."

"मग चहा काहून केला?" बायकोने विचारलं.

मामांना प्रश्नच कळेना. आपली भाची आली, आनंदाची गोष्ट आहे, म्हणून केला. उशीर झाला त्याचंही त्यांनी सांगितलं. तुकड्याचा काप लावलेली काच त्यांनी स्वतः पाहिली होती, पण स्वतःवर भरवसा बसेना, म्हणून शहरातच सदर भागात त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याकडे पाठवली होती. "आपल्या माणसाची काच पाहाले गेलं का डोळ्यांत पाणी येते, जावईबापू. वीणच दिसत नाही."

मला त्यांचा रागही आला आणि त्यांचे पाय धरावेसेही वाटले. सुटकेच्या भरात मी वस्तीने घेतलेल्या चहाच्या धास्तीची सगळी गोष्ट त्यांना सांगून टाकली आणि वेड्यासारखा हसत सुटलो. बायकोही डोळे पुसत हसू लागली. मामा हसले नाहीत. ते हातातल्या कपाकडे पाहत राहिले.

"म्हणून कोणी पुरा कप पेत नाही," ते म्हणाले. "मले वाटे, साखर कमी पडते."

बायकोने आपला कप तळापर्यंत संपवला आणि त्यांच्यापुढे धरला.

"साखर बरोबर आहे, मामा. मले अजून अर्धा कप द्या."

मामा कप घेऊन आत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.