नानांच्या नंबरवरचा कोड

वर्ष होईपर्यंत नानांच्या वस्तूंना हात लावायचा नाही, असं वडील गेल्यावर आईनं ठरवलं. चष्मा, काठी, पानाचा डबा, मोबाइल, सगळं कपाटात कुलूपबंद. मी दर रविवारी धारहून देवासला जायचो आणि मान डोलवायचो. बंद फोनलाही रिचार्ज लागतं, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मास्तर म्हणे!

वर्षश्राद्ध झालं, कपाट उघडलं. त्या फोनमध्ये नानांनी आमच्या घरची महालक्ष्मीची कहाणी बोलून ठेवली होती. पोथीतली नव्हे, आजीकडून आलेली, कुठंच न लिहिलेली. लिहून द्या म्हटलं, तर म्हणाले, "तुम्ही हिंदी शाळेतले. अक्षर लावत बसाल. सरळ ऐका की." ऐकू सावकाश, म्हणून मी ऐकलीच नाही.

फोन चार्ज केला, तर कहाणी ज्यात होती ते ॲप म्हणे, वर्षभर वापर नाही, आधी ओळख पटवा, नंबरवर सहा आकडी कोड पाठवलाय. कोड काही येईना. फोन बंद-चालू केला. सिम काढलं, पुसलं, परत घातलं. जुने मेसेज उडवून जागा केली. गच्चीवर जाऊन हात उंच करून उभा राहिलो. खालून आई दर पाच मिनिटांनी विचारायची, "आला का रे?"

शेवटी बाजारात गेलो. दुकानदारानं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहिलं. "भिया, आखरी रिचार्ज कब कराया था?" मी सांगितलं. तो नजर चुकवून म्हणाला, "फिर तो नंबर किसी और को मिल गया होगा."

दुकानाच्या पायरीवर बसून माझ्या फोनवरून नानांचा नंबर लावला. रिंग गेली. खोटं कशाला बोलू, नानांचं "हं, बोल" ऐकू येईल असं वाटलं. उचलला पीथमपूरच्या कुण्या कामगारानं. मागे मशीनची घरघर. त्याला सगळं सांगितलं, अगदी गयावया केली.

"आए हैं छह अंक," तो म्हणाला. "पर ओटीपी किसी को नहीं बताते, भिया. बाप के नाम पे भी नहीं." पुन्हा लावला तर लागेना. चिडू तरी कुणावर? हेच वाक्य मी नानांकडून घोकून घेतलं होतं. आपल्या हातानं घर बुडवलं, असं वाटलं. अजून वाटतं.

आईला सांगायची छाती झाली नाही. नेटवर्क नाही म्हणालो.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. आईनं अक्षता हातात घेऊन कहाणी धरली. निम्म्यावर आली आणि अडकली. दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथंच. मग तिनं महालक्ष्म्यांपुढं ठेवलेला नानांचा फोन माझ्याकडे सरकवला.

"राहू दे. कोड आला की पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकू," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.