बसला हात न दाखवणारे साहेब

साहेबांच्या गाडीच्या डिकीत पिवळं जाकीट आणि पांढरं हेल्मेट कायम तयार. कारखान्याचं फाटक दिसलं रे दिसलं, की अंगावर चढलंच! उत्तर इंग्लंडमधल्या आमच्या गावाचे ते खासदार, आणि मी त्यांच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिणारी.

"मी पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारलाय," हे त्यांचं सगळ्यावरचं औषध. रस्ता खचला, विचारला प्रश्न. कारखाना बंद पडला, विचारला प्रश्न. माणूस वाईट नव्हता हो. माझा चहासुद्धा स्वतः करायचे, अगदी पांचट. पण नुसत्या प्रश्नांनी कुणाचं पोट भरतं का?

आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या शैलावहिनी रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात सीटची कव्हरं शिवायच्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, वहिनींना गाडी चालवता येत नाही. प्रवासी कमी म्हणून त्यांची सकाळची सहाची बस चालवणारी कंपनी ती बंद करायला निघाली. बस गेली की नोकरी गेली. मीच त्यांना साहेबांकडे नेलं.

"सोमवारी कंपनीचा माणूस प्रवासी मोजणार आहे ना? मी स्वतः तुमच्याबरोबर बसने येतो," साहेब म्हणाले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

सोमवारी साहेब बसस्टॉपवर आले ते गाडीने. अंगात जाकीट, डोक्यावर हेल्मेट. बसस्टॉपवर काय छप्पर कोसळणार होतं? बरोबर फोटोग्राफर. वहिनींचा हात हातात घेऊन साहेब कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिले.

"साहेब, बस आली," वहिनी म्हणाल्या.

"एक मिनिट, हात सोडू नका!"

हात दाखवल्याशिवाय आमच्याकडे बस थांबत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक. मी ओरडत धावले, पण ड्रायव्हरला वाटलं फोटो चाललाय. गेली बस. मोजणीत आमच्या स्टॉपवर शून्य प्रवासी.

"थांबली का नाही?" साहेबांनी विचारलं.

"हात दाखवावा लागतो."

"हो का? कधीपासून?"

वाहतुकीवर वीस वर्षं भाषणं ठोकणारा हा माणूस! मला वहिनींकडे बघवेना.

महिन्याभराने, एका शुक्रवारी, बस सोमवारपासून बंद होत असल्याचं पत्र आलं. साहेबांनी मला हाक मारली. "लीफलेट लिही. शेवटपर्यंत लढलो म्हणावं. तो फोटो टाक, छान आलाय."

मी लीफलेटऐवजी राजीनामा लिहिला. साहेबांना खरंच वाईट वाटलं. दारापर्यंत आले, म्हणाले, "पाऊस आहे, घरी सोडू का?"

"मला नको. सोमवारपासून रोज सकाळी सहाला शैलावहिनींना सोडा."

ते मनापासून हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

सोमवारी वहिनींची नोकरी सुटली.